कमेंट्स येईपर्यंत

मराठी दैनिकाच्या आतल्या पानावर अधूनमधून एक जाहिरात येते. तिच्यात चित्र नसतं. बारीक टायपात कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, प्रवर्तकांची नावं आणि खाली मर्चंट बँकरांच्या बोधचिन्हांची रांग असते. बहुतेक वाचक पान उलटतात. ती जाहिरात मराठीत येते ती नियमामुळे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या भांडवल उभारणीबाबतच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे, आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आणू पाहणाऱ्या कंपनीने माहितीपत्रकाचा मसुदा सेबीकडे दाखल केला की दोन दिवसांत एका इंग्रजी राष्ट्रीय दैनिकात, एका हिंदी राष्ट्रीय दैनिकात आणि नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतल्या दैनिकात जाहीर सूचना द्यावी लागते. कार्यालय महाराष्ट्रात असेल तर मराठीत. त्यानंतर किमान २१ दिवस कोणीही त्या मसुद्यावर आपलं म्हणणं कळवू शकतो.

अशीच एक जाहिरात छापायला जाण्याच्या आदल्या रात्री एका विद्यार्थिनीकडे तपासायला आली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे बीकेसीतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत ती दोन महिन्यांची इंटर्न होती आणि त्या टीममध्ये मराठी सराईतपणे वाचणारी ती एकटीच होती. इंग्रजी मसुद्यातले आकडे दशलक्षात होते. ते लाखांत करताना एका ठिकाणी एक शून्य गळलं होतं. तिने ते पकडलं, जाहिरात एजन्सीला फोन केला, सुधारलेली प्रत मागवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. "दोन महिन्यांतलं ते सगळ्यात लहान काम," ती मला म्हणाली, "पण मी नसते तर ते तसंच छापलं गेलं असतं."

या लेखासाठी मी तिच्याशी सविस्तर बोलले. तिच्याआधी हाच रस्ता चाललेल्या काही मुलामुलींशीही बोलले. इथे कोणाचंच नाव नाही. बँकेचं नाही आणि कंपनीचंही नाही. इंटर्नकडूनसुद्धा पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या करारावर सही घेतात, आणि तो करार मोडला जावा अशी माझी इच्छा नाही.

या नोकरीबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात, पगार आणि जागरण. काम काय असतं ते कोणी सांगत नाही. मला ते काम मोलाचं वाटतं. आणि जागरण त्या कामामुळे होतं हे मला पटत नाही.

*

इन्व्हेस्टमेंट बँक ठेवी घेत नाही, पासबुक देत नाही. कंपनीला भांडवल हवं असेल तर ते कोणाकडून, कोणत्या भावाने आणि कोणत्या कागदाच्या आधारावर आणायचं, एका कंपनीने दुसरी घ्यायची तर तिची किंमत काय धरायची, हा तिचा धंदा. भारतात तो मर्चंट बँकिंग या नावाने १९६७ मध्ये ग्रिंडलेज बँकेने सुरू केला. त्या काळी शेअर किती रुपयांना विकायचा हे कंपनी ठरवत नसे आणि बँकरही ठरवत नसे. दिल्लीत अर्थ मंत्रालयाखालचा भांडवल नियंत्रक ठरवत असे. १९९२ मध्ये ते नियंत्रण गेलं, सेबीला कायद्याचं बळ मिळालं आणि व्यवस्थेचा सगळा भार एका नव्या तत्त्वावर आला. भाव तुम्ही ठरवा, पण कंपनीबद्दल जे काही आहे ते सगळं, वाईटासकट, लोकांसमोर लिहून ठेवा. ते खरं असल्याची खातरजमा मर्चंट बँकरने करायची आणि तसं प्रमाणपत्र सेबीला द्यायचं.

याची किती गरज होती ते पुढच्या दोन-तीन वर्षांतच दिसलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात कित्येक कंपन्यांनी लोकांकडून पैसे उचलले आणि त्या पत्त्यासकट गायब झाल्या. सरकारी दफ्तरात त्यांची नोंद 'गायब कंपन्या' अशीच आहे. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत त्या शेअरचे कागद अजून ट्रंकेत पडलेले असतील. आणि त्याच काळात, १९९३ मध्ये, इन्फोसिसचा ९५ रुपयांचा शेअर मात्र पुरता विकला गेला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला खरी कंपनी आणि खोटी कंपनी सारखीच दिसते. दोघींमधला फरक कागदात असतो, आणि तो कागद कोणीतरी ओळन् ओळ तपासावा लागतो.

ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा पंचविशीच्या आतबाहेरची मुलं असतात. एकट्या २०२४ सालात देशातल्या मुख्य आयपीओंनी मिळून दीड लाख कोटी रुपयांहून अधिक उभे केले. त्यात ह्युंदाई मोटर इंडियाचा २७,८७० कोटींचा, तोवरचा सगळ्यात मोठा आयपीओ होता. या प्रत्येक आयपीओमागे चारपाचशे पानांचा एक मसुदा असतो. धंद्यातले लोक त्याला डीआरएचपी, म्हणजे ड्राफ्ट रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस, म्हणतात.

*

ही विद्यार्थिनी इचलकरंजीची. वडील सुताच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहेत, गेली पंचवीस-तीस वर्षं. तिने सांगलीत इंजिनिअरिंग केलं, मग प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या एका व्यवस्थापन संस्थेत आली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मधोमध, एप्रिल ते जून, इंटर्नशिप असते. त्यासाठीच्या मुलाखती मात्र पहिल्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे उरकतात. मुलांना ताळेबंद वाचायला लागून तेव्हा जेमतेम तीन-चार महिने झालेले असतात. त्यातही बीकेसीतल्या मोठ्या बँकांत आयपीओच्या प्रत्यक्ष कामावर घेतल्या जाणाऱ्यांच्या जागा थोड्या. त्याच परदेशी बँकांची पवई, गोरेगाव आणि बंगळुरूमध्ये प्रचंड कार्यालयं आहेत, पण तिथली बरीच मुलं न्यूयॉर्क-लंडनच्या बँकरांसाठी पानं तयार करून पाठवतात.

निवड झाल्याची बातमी इचलकरंजीत पोहोचली ती स्टायपेंडच्या आकड्याच्या रूपाने. नातेवाइकांचे फोन आले, कोणी पेढे आणले. वडिलांनी तेवढं विचारलं, "काम काय करायचं असतंय तिथं?" तिला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं.

उत्तर तिला दुसऱ्या आठवड्यात मिळालं. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी, वाहनांचे सुटे भाग बनवणारी, दोन भावांनी उभी केलेली. तिच्या डीआरएचपीच्या टीममध्ये हिला टाकलं आणि 'बॅकअप' नावाचं काम दिलं. मसुद्यातल्या प्रत्येक विधानाला पुरावा जोडायचा. 'आमच्याकडे तीन कारखाने आहेत' असं लिहिलं तर तिन्हींचे परवाने, जागेचे करार, वीजबिलं. 'अमुक ग्राहक दहा वर्षांपासून आमच्याकडून माल घेतो' तर दहा वर्षांपूर्वीची खरेदी ऑर्डर. 'या क्षेत्रातल्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक' असं लिहायचं तर ते म्हणणारा अहवाल आणि त्याचा पान क्रमांक. पुरावा मिळाला नाही तर विधान खोडायचं. आकड्यांचंही तसंच. छापील मसुद्यातल्या प्रत्येक आकड्याभोवती पेनाने गोल करायचा आणि तो लेखापरीक्षकाच्या कागदाशी जुळवायचा.

त्या रात्री तिने घरी फोन करून वडिलांना सांगितलं, "पप्पा, तुम्ही करताय तेच काम आहे." रोजकीर्दीतल्या प्रत्येक नोंदीला पावती लागते, पावती नसेल तर नोंद उभी राहत नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती. वडील खूश झाले. शेठचा मुलगा असला तरी पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे त्यांनी तिला त्या दिवशी पुन्हा एकदा सांगितलं.

*

मसुद्यात 'कॅपिटल स्ट्रक्चर' नावाचं एक प्रकरण असतं. कंपनी जन्मल्यापासून प्रत्येक शेअर कधी, कोणाला, किती रुपयांना दिला याची ती संपूर्ण कुंडली. वाचायला अत्यंत रूक्ष. पण प्रवर्तकांचा हिस्सा खरा किती, मागे कोणाला डावललं गेलं, कोणाचा हक्क शिल्लक आहे, हे सगळं त्यातूनच कळतं. २००६ पासून कंपन्यांची विवरणपत्रं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरली जाऊ लागली, त्यामुळे तिथून पुढचं सहज मिळतं. त्याआधीचं सगळं कागदावर. शेअरवाटप केलं की कंपनी निबंधकाकडे फॉर्म २ भरायचा आणि शिक्का मारलेली पोच जपून ठेवायची. या कंपनीने नव्वदच्या दशकात केलेल्या एका वाटपाचा फॉर्म मिळत नव्हता.

ती आणि तिचा वरिष्ठ, गुरुग्रामहून आलेला एक असोसिएट, कारखान्यावर गेले. त्याने हिंदीत आणि इंग्रजीत विचारलं. लेखा विभागातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी उत्तर दिलं, सगळं डेटारूममध्ये अपलोड केलंय, साहेब. चहा आला. असोसिएट फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा हिने विचारलं, "काका, तेव्हाचं दप्तर कुठं ठेवायचा तुम्ही?"

"इचलकरंजीची ना तू? बोलण्यावरून वाटलं," ते म्हणाले. "दप्तर इथं नाही, पोरी. थोरल्या साहेबांच्या जुन्या घरी माळ्यावर आहे. ह्या लोकांनी फाइल मागितली, दप्तर मागितलं नाही."

काका आणि ती त्या माळ्यावर गेले. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, त्यावर खडूने वर्षं. काकांनी स्वतः गाठी सोडल्या, एकेक वही पुसून हिच्या हातात दिली. इतिवृत्ताच्या वहीत वाटपाचा ठराव सापडला, भागधारकांच्या नोंदवहीत त्या शेअरची नोंद सापडली, बँकेत पैसे जमा केल्याची चलनं सापडली. निबंधकाची पोच नव्हती. कंपनी सेक्रेटरीकडून निबंधक कार्यालयात शोध घेतला गेला. तिथेही नव्हती. शेवटी मसुद्यातल्या जोखमींच्या प्रकरणात एक परिच्छेद गेला. आमच्या काही जुन्या नोंदी उपलब्ध नाहीत, त्या आम्ही शोधल्या, इतर कागदांवरून अमुक माहिती घेतली आहे, आणि यातून पुढे काही कारवाई झाल्यास आम्ही जबाबदार राहू, अशा आशयाचा. अशी कलमं अनेक मसुद्यांत असतात. आपण ती सराईतपणे ओलांडून जातो. या एका कलमामागे माळ्यावरची एक अख्खी दुपार होती आणि त्याचा पहिला खर्डा एका इंटर्नने लिहिला होता.

कारखान्यावरच आणखी एक गोष्ट घडली. संचालकांच्या परिचयात शिक्षण लिहायचं तर प्रमाणपत्र लागतं. ते मिळालं नाही, तर तसं मसुद्यात उघड सांगावं लागतं किंवा तो उल्लेखच काढावा लागतो. थोरल्या भावाच्या परिचयात वर्षानुवर्षं 'मेकॅनिकल डिप्लोमा' छापलं जात होतं, कंपनीच्या माहितीपत्रकापासून लग्नपत्रिकेपर्यंत. प्रमाणपत्र काही येत नव्हतं. टीममध्ये कोणीतरी सुचवलं, प्रतिज्ञापत्र घेऊ, हरवलं म्हणून. ते गृहस्थ स्वतः केबिनमधून उठून हिच्या टेबलापाशी आले. शेवटच्या वर्षाला वडील गेले आणि परीक्षा राहिली, ती पुन्हा दिलीच नाही, म्हणाले. "जे नाही ते लिहू नका. बाकीचं खूप आहे लिहिण्यासारखं." परिचय बदलला. डिप्लोमा गेला, चाळीस वर्षांचा अनुभव राहिला.

ही मुलगी मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज चढला होता. मॉडेल, मूल्यांकन, सादरीकरण हे सगळं ती शिकलीच. पण आपल्या नावाने बाजारात येणाऱ्या कागदावर जे नाही ते असू नये, एवढ्यासाठी सत्तरीकडे झुकलेला एक माणूस चालत आपल्या टेबलापाशी आला, हे तिला व्यवस्थापनाच्या कुठल्या वर्गात शिकायला मिळालं असतं? तो शेअर उद्या कोणीतरी घेणार. लहान गुंतवणूकदाराचा एक अर्ज साधारण पंधरा हजारांच्या आत-बाहेर असतो. सांगलीच्या एखाद्या शिक्षिकेने पगारातून बाजूला काढलेले पंधरा हजार. तिच्या वतीने माळ्यावर कोणीतरी जाऊन आलेलं असतं. हे काम मोलाचं आहे, असं मी म्हणते ते यासाठी.

*

आता जागरणाबद्दल.

सकाळी साडेनऊला ती कार्यालयात पोहोचायची. कलिन्यात पेइंग गेस्ट म्हणून राहत होती, रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं. दुपारपर्यंत हातातलं काम संपवून ड्राफ्ट वर पाठवायची. वर म्हणजे असोसिएट, त्याच्यावर व्हाइस प्रेसिडेंट, त्याच्यावर डायरेक्टर आणि मॅनेजिंग डायरेक्टर. वरची माणसं दिवसभर ग्राहकांच्या बैठकांत, विमानात, कॉलवर. ड्राफ्ट उघडायला त्यांना संध्याकाळचे सात-आठ वाजतात. मग छापील पानावर पेनाने लिहिलेल्या सूचनांचे फोटो येतात. त्यांना कमेंट्स म्हणतात. त्या सकाळी नऊच्या आत करून हव्या असतात.

म्हणजे दुपारी दोन ते रात्री आठ ही मुलं काय करतात? थांबतात. निघून जाता येत नाही, कारण कमेंट्स कधीही येतील. स्क्रीनवर एक्सेल उघडं ठेवून बसतात. जेवण कंपनीच्या खर्चाने मागवतात. आठला काम सुरू होतं ते दोन-अडीचपर्यंत चालतं. मी ज्यांच्याशी बोलले त्या सगळ्यांनी, वेगवेगळ्या बँकांत काम केलेल्यांनी, हेच वेळापत्रक सांगितलं. यातलं बरंचसं रात्रीचं काम तर आयपीओचंही नसतं. एखाद्या कंपनीने आपल्याला काम द्यावं म्हणून तिच्यासमोर मांडायची 'पिच बुक' असते. अशा पिच पुष्कळ होतात आणि त्यांतून मिळणारी कामं थोडी. बोधचिन्हं एका रेषेत आहेत का, तळटिपांचा फाँट सारखा आहे का, यासाठी पहाट होते.

घाई खरी असते तेव्हाची गोष्ट वेगळी. मसुद्यातले हिशेब सहा महिन्यांहून जुने चालत नाहीत. डिसेंबरअखेरचे आकडे घेऊन दाखल करायचं तर जूनची ३० तारीख ओलांडून चालत नाही. तो शेवटचा आठवडा सगळे जागतात. वकील, लेखापरीक्षक, कंपनीचे काका, स्वतः मॅनेजिंग डायरेक्टरसुद्धा. त्या आठवड्याबद्दल या मुलीची काहीच तक्रार नाही, उलट तो तिला सगळ्यात आवडला. तिची तक्रार एप्रिल-मेच्या रात्रींबद्दल आहे. तेव्हा घाई नव्हती, फक्त क्रम उलटा होता. ज्याचा वेळ महाग त्याच्या सोयीने दिवस चालतो आणि ज्याचा वेळ फुकट धरलेला आहे त्याने थांबायचं.

कलिन्याच्या घरमालक काकूंचा नियम होता, अकराला दार बंद. पहिल्या आठवड्यातच काकूंनी सांगितलं, "ऑफिसचं लेटर आण. मला तुझ्या आईला उत्तर द्यावं लागेल." लेटर आलं. मग काकू स्वतः दोन वाजता दार उघडायला उठू लागल्या. स्टायपेंडच्या आकड्यात काकूंची झोप धरलेली नसते.

ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये मोरिट्झ एर्हार्ड्ट हा २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी आपल्या खोलीच्या न्हाणीघरात मृतावस्थेत सापडला. बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंचमधली त्याची उन्हाळी इंटर्नशिप संपत आली होती. लागोपाठ काही रात्री तो जागा होता, असं तेव्हा प्रसिद्ध झालं. मृत्यू अपस्माराच्या झटक्याने झाला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. थकव्याने झटका आला असणं शक्य आहे, पण तसं खात्रीने म्हणता येत नाही, असंही सांगितलं गेलं. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सने शुक्रवारी रात्री नऊ ते रविवारी सकाळी नऊ कनिष्ठांनी कार्यालयात येऊ नये असा नियम केला. २०१५ मध्ये इंटर्ननी मध्यरात्रीपूर्वी निघावं आणि सकाळी सातच्या आत येऊ नये, असं सांगितलं. तरी २०२१ मध्ये त्याच बँकेतल्या १३ नवख्या ॲनालिस्टनी आपली अवस्था बँकरांच्याच पद्धतीने, तक्ते-आलेखांसह मांडली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम, रात्रीची पाच तास झोप. त्यांची मागणी होती ८० तासांची मर्यादा. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने बहुतेक प्रसंगी ८० तासांची मर्यादा आणली. आठवड्याचे सातही दिवस, सुटी न घेता, रोज जवळपास साडेअकरा तास म्हणजे ८० तास. एवढ्यालाच सुधारणा म्हणावं लागतं.

यातला एकही नियम दुपारी दोन ते आठच्या थांबण्याला हात लावत नाही. तास मोजले, दारं बंद केली, कामाची लय तीच राहिली. मानववंशशास्त्रज्ञ कॅरन हो यांनी नव्वदच्या दशकात वॉल स्ट्रीटवर प्रत्यक्ष नोकरी करून आणि मग संशोधन करून २००९ मध्ये 'लिक्विडेटेड' हे पुस्तक लिहिलं. मोजक्या नामवंत विद्यापीठांतून मुलं उचलायची, तुम्हीच सगळ्यात हुशार असं त्यांना सांगायचं आणि रात्रंदिवस राबणं हाच त्या हुशारीचा पुरावा मानायचा, ही पद्धत त्यांनी टिपली आहे. आपल्या संस्थांमध्ये वेगळं काय चालतं? सीव्हीवरच्या प्रत्येक ओळीसाठी मुलं पहिल्या वर्षापासून जागतात. बँकेत पोहोचेपर्यंत जागणं ही त्यांना पात्रतेची खूण वाटू लागलेली असते. मी बोललेल्यांपैकी एका मुलाने तर अभिमानाने सांगितलं की सलग दोन रात्री तो घरी गेला नव्हता. त्या दोन रात्रींत काय शिकलास, असं विचारलं तेव्हा तो बराच वेळ आठवत राहिला.

दुपारी एकला एखादा व्हाइस प्रेसिडेंट पाऊण तास काढून ड्राफ्ट वाचेल, तर चार माणसं नऊच्या आत घरी जातील. याला पैसा लागत नाही, नवा नियम लागत नाही. तिच्याच मजल्यावर एक बाई असं करत होत्या. जेवणाआधी ड्राफ्ट मागायच्या, तीनपर्यंत परत द्यायच्या. त्यांच्या टीममध्ये जायला सगळे धडपडायचे आणि त्यांची कामं अडली नव्हती.

*

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मसुदा दाखल झाला. मराठी जाहिरात आली त्या दिवशी काकांनी कारखान्यातून तिला पानाचा फोटो पाठवला. आठवडाभराने तिच्या हातात कायम नोकरीची ऑफर पडली. तिने ती स्वीकारली आहे. मी विचारलं, एवढं सगळं सांगितल्यावर? ती म्हणाली, कर्ज आहे शिक्षणाचं, ते एक. आणि दुसरं, हे काम मला येतं. दुसऱ्या कोणत्या कामात मला वडिलांचा धंदा आणि माझं शिक्षण दोन्ही वापरता येईल?

तिच्या संस्थेत, इतर बऱ्याच संस्थांप्रमाणे, प्लेसमेंटचं काम विद्यार्थ्यांची समिती बघते. इंटर्नशिप संपली की प्रत्येकाने एक अभिप्राय भरायचा असतो. काय शिकलात, मार्गदर्शक कसे होते, स्टायपेंड वेळेवर मिळाला का. संस्थांच्या वार्षिक अहवालात स्टायपेंडची सरासरी छापली जाते, सर्वोच्च आकडा छापला जातो, तो वर्तमानपत्रांत येतो आणि इचलकरंजीपर्यंत पोहोचतो. काम किती तास होतं, किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपायचं, यासाठी रकाना नसतो. स्टायपेंडच्या शेजारी तो असायला हवा. अठरा-वीस लाखांचं कर्ज काढून मूल पाठवणाऱ्या आईवडिलांना तेवढं विचारण्याचा हक्क आहे, आणि मुलांना तर आहेच.

हिने तो रकाना स्वतःच तयार केला. ड्राफ्ट किती वाजता पाठवला आणि कमेंट्स किती वाजता आल्या याची नोंद तिने पहिल्या आठवड्यापासून वहीत ठेवली होती, तारीखवार. ती तिने अभिप्रायाला जोडली. समितीतल्या मित्राने वाचून विचारलं, "हे असंच ठेवलं आणि पुढच्या वर्षी बँक कॅम्पसला आलीच नाही तर? ज्युनिअर्सना काय सांगू?" त्याची भीती खोटी नाही. एका संस्थेने विचारलं तर बँक दुसऱ्या संस्थेत जाईल. दहा संस्थांनी एकत्र विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल, आणि अशा दहा संस्था या देशात आहेत, त्या एकमेकींना ओळखतात. हिने त्याला सांगितलं की नाव काढून टाक, बँकेचंही काढ, पण वेळा काढू नकोस, त्यांचा बॅकअप माझ्याकडे आहे.